अप्पा, ॲरिझोना आणि हजार टीएमसी

जुलैमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन वाळवंटात फिरायला कोण जातं, असं मला इथल्या जवळपास प्रत्येक मैत्रिणीने विचारून झालंय, आणि प्रश्न तसा बरोबरच आहे. पण आम्ही राहतोच चँडलरला, म्हणजे फिनिक्सच्या शेजारी, जिथे २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर होता, त्यामुळे घरी बसणं म्हणजे काही महाबळेश्वरला बसणं नव्हे. उलट इथून उत्तरेला निघालं की घाट चढून सात हजार फुटांवर जाता येतं आणि तिथे संध्याकाळी स्वेटर लागतो. शिवाय लेक यंदा चौथीत होती, आणि चौथीच्या मुलांना इथे नॅशनल पार्कांचा फुकट पास मिळतो, पोरीबरोबर आम्ही गाडीतले सगळे आत गेलो, ३१ ऑगस्टपर्यंत चालतो. फक्त वेबसाइटवरून कागद प्रिंट करून न्यावा लागला, तेव्हा फोनवर दाखवून भागत नव्हतं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तो कागद देवघरातल्या पोथीबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि पूर्ण ट्रिपभर स्वतःच्या पर्समध्ये ठेवला, बाकी कुणाला हात लावू दिला नाही.

आता अप्पांबद्दल, म्हणजे सासऱ्यांबद्दल, सांगते कारण ही ट्रिप खरं म्हणजे त्यांचीच झाली. अप्पा शिरूरचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले, नोकरीची बरीच वर्षं कुकडीच्या कालव्यांवर गेली. येडगाव, माणिकडोह, डिंभे ही नावं आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जातात. त्यांना निसर्ग वगैरे बघायचा म्हणजे पाणी कुठून येतं आणि कुठं जातं एवढंच. चँडलरला आल्या आल्या जेटलॅगमध्ये पहिला प्रश्न, "तुमच्या नळाला पाणी कुठलं?" मी म्हटलं सिटीचं. हे काय उत्तर झालं का. मग नवऱ्याने शोधून सांगितलं की सॉल्ट आणि व्हर्दे नद्यांचं आहे, आणि बरंचसं कोलोरॅडो नदीचं, ते सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्टच्या कालव्यातून येतं, ३३६ मैल लांब, आणि वाटेत पंपांनी एकूण २९०० फूट वर चढवतात. अप्पा एकदम उठून बसले. "चढावर कालवा?" ज्या माणसाने आयुष्यभर लेव्हल लावून पाणी उताराने नेलं त्याला हे ऐकून झोप कशी लागणार. त्या दिवसापासून आमच्या फिरण्याचा प्लॅन बदलला, म्हणजे ठिकाणं तीच राहिली, ग्रँड कॅन्यन, पेज नावाचं गाव, शेजारच्या युटा राज्यातली ब्राइस आणि झायन ही पार्कं, पण बघायची काय तर नदी.

आय-१७ ने वर चढताना आधी ते उंच काटेरी सग्वारो निवडुंग संपतात, मग बुटकी झुडपं येतात आणि फ्लॅगस्टाफच्या अलीकडे अचानक पाइनचं जंगल सुरू होतं. एसी बंद करून काचा खाली केल्या तेव्हा आई म्हणाल्या, हे सगळं एकाच राज्यात? हो. मागे कूलरमध्ये बर्फ, पाण्याचे गॅलनचे कॅन, कोकम सरबत, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि इन्स्टंट पॉट. मोटेलच्या रूममध्ये खिचडी लावायची आणि वाफ स्मोक अलार्मकडे जाऊ नये म्हणून पोरीने टॉवेल हलवत बसायचं, ही तिची ड्यूटी होती आणि ती तिने फार मन लावून केली.

ग्रँड कॅन्यन बघून माणूस गप्प होतो असं सगळे लिहितात. आमच्याकडे कुणी गप्प झालं नाही. आईंना कुणीतरी सांगितलं की समोर जे कोरलेल्या गोपुरासारखे डोंगर आहेत त्यांना ब्रह्मा टेंपल, विष्णू टेंपल, शिवा टेंपल अशी नावं आहेत, झालं, त्यांनी चपला काढल्या. ही नावं कुणा आपल्या माणसाने दिलेली नाहीत, क्लॅरेन्स डटन म्हणून अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ होता, १८८० च्या सुमारास इथे काम करत होता, त्याला पूर्वेकडच्या देवांचं भारी वेड, त्याने विष्णू आणि शिव ठेवलं आणि पुढच्या लोकांनी तीच तऱ्हा चालू ठेवली. कृष्णा श्राइन आणि रामा श्राइनपण आहेत. दरीच्या तळाशी जो काळा खडक आहे त्याचंही नाव विष्णू शिस्ट, वय १७० कोटी वर्षांच्या आसपास. आईंनी एवढं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग गणपती कुठंय?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

अप्पा मात्र रमले ते ट्रेल ऑफ टाइमवर. यावापाई म्युझियमपासून गावाच्या दिशेने कड्याकडेने हा पक्का सपाट रस्ता जातो, त्यात जमिनीवर पितळी खुणा ठोकल्यात, एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. चालत जायचं आणि भूतकाळात जायचं, बाजूला त्या त्या वयाचे दगड मांडून ठेवलेत, हात लावता येतो. लेक दहा मिनिटांत डायनासोरच्या पलीकडे पोचली. अप्पा पावलं मोजत ६६ व्या मीटरला थांबले. म्हणाले, "इथं आपला सह्याद्री." म्हणजे दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आपण ज्याला काळा पाषाण, अनादी अनंत वगैरे म्हणतो तो या रस्त्यावर सुरुवातीलाच संपतो, आणि आपण ज्या कड्यावर उभे होतो तो सगळ्यात वरचा चुनखडक २७ कोटींचा, समुद्रात बसलेला, त्यात शिंपल्यांचे ठसे सापडतात. गंमत म्हणजे दगड एवढा जुना पण दरी त्यामानाने नवी, नदीने ही एवढी, मैलभर खोल, २७७ मैल लांब, खणली ती बहुतेक गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत. म्हणजे पहिल्या सहा पावलांतलं काम.

"पण पाणी कुठंय?" हा प्रश्न अप्पांनी इतक्या वेळा विचारला की शेजारच्या गुजराती फॅमिलीलाही तो पाठ झाला असेल. साउथ रिमच्या बऱ्याच पॉइंटवरून नदी दिसतच नाही किंवा दोऱ्यासारखी दिसते. शेवटी पूर्वेच्या टोकाला डेझर्ट व्ह्यूला, तिथे मेरी कोल्टरने बांधलेला दगडी बुरूज आहे १९३२ चा, तिथून नीट दिसली. तांबडी, गढूळ, घोडनदीला पहिला पूर येतो तशी. अप्पांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले गाळ लई आहे. बस. एवढ्यासाठी शिरूरहून आले.

तिथून पेजला जाताना रस्ता नवाहो लोकांच्या हद्दीतून जातो आणि इथे घड्याळाची एक मजा होते. ॲरिझोनात घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, पण नवाहो नेशन करतं, त्यामुळे उन्हाळ्यात रस्त्यावर मधेच फोन एक तास पुढे उडी मारतो, पेजला आलं की परत मागे, युटात शिरलं की परत पुढे. नवरा फोन हातात घेऊन हैराण. अप्पांच्या मनगटावर एचएमटी, चावीवालं, ते चँडलर सोडल्यापासून हललं नाही, आणि अँटलोप कॅन्यनची टूर पेजच्या वेळेनेच, म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेने असते, त्यामुळे आम्ही वेळेवर पोचलो ते एचएमटीच्या जिवावर.

पेजला हॉर्सशू बेंड आहे, जो सगळ्यांच्या इन्स्टावर असतो, नदी घोड्याच्या नालासारखी वळते आणि तुम्ही हजार फुटांवरून बघता. माझं प्रामाणिक मत, दुपारी जाऊ नका. पार्किंगचे पैसे वेगळे, चौथीचा पास चालत नाही, सावली नावाला, आणि कठडा थोड्याच भागात आहे, बाकीच्या कड्यावर लोक पाय सोडून फोटो काढत असतात ते बघूनच माझ्या पोटात गोळा आला. पण अप्पांचं डिटेक्टिव्ह काम इथे सुरू झालं. "इथं पाणी हिरवं कसं? काल तर तांबडं होतं." नदी तीच. खालच्या अंगाला तांबडी आणि वरच्या अंगाला हिरवीगार काचेसारखी. मी म्हटलं प्रकाशामुळे असेल. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मी शाखा अभियंता असते तर सस्पेंशन ऑर्डरच होती.

उत्तर पाच मैलांवर होतं, ग्लेन कॅन्यन धरण. ७१० फूट उंच, काँक्रीटची कमान, १९६३ मध्ये पाणी साठायला लागलं. सगळा गाळ मागे लेक पॉवेलमध्ये बसतो आणि खाली सुटतं ते तळातलं थंडगार नितळ पाणी. पुढे लिटल कोलोरॅडोसारख्या नद्या मिळतात, पावसाळ्यात त्या तांबडा गाळ आणून ओततात, म्हणून ग्रँड कॅन्यनला ती तशी. अप्पांचा चेहरा फुलला, आपलं गणित जुळलं की माणसाचा जसा फुलतो. मग धरणाच्या बाजूच्या पुलावर उभं राहून तिथल्या टूरवाल्या काकांना माझ्यामार्फत प्रश्न, विसर्ग किती, टर्बाइन किती, गाळाचं काय करता. गाळाचं काही करत नाहीत, बसतोय तो बसतोय. "आपल्याकडेपण तेच," अप्पा म्हणाले, जरा दिलासा मिळाल्यासारखे.

रात्री मोटेलमध्ये रुमालावर, म्हणजे टिश्यूवर, गणित. इथे पाणी एकर-फुटात मोजतात, म्हणजे एका एकरावर फूटभर पाणी, लेक पॉवेल पूर्ण भरलं तर साधारण अडीच कोटी एकर-फूट. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. गुणाकार करून आलं हजाराच्या वर टीएमसी. कोयना १०५. उजनी ११७. अप्पांनी टिश्यू आईंना दाखवला, "दहा कोयना, एका जागी." आईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, पण भरलंय कुठं? आणि हे खरंय. सकाळी तळ्याच्या कडेने खडकावर जो पांढरा पट्टा दिसला, बोअरच्या पाण्याच्या बादलीला बसतो तसा, तो पाणी कुठपर्यंत असायचं त्याची खूण आहे आणि तो पट्टा अनेक मजले उंच आहे. २०२३ च्या सुरुवातीला तर साठा पाव हिश्श्याच्याही खाली गेला होता. कारण दुष्काळ आहेच, पण दुसरंही आहे, १९२२ मध्ये सात राज्यांत या नदीची वाटणी झाली तेव्हा जी वर्षं मोजली ती नेमकी जास्त पावसाची होती, त्यामुळे कागदावर वाटलेलं पाणी आणि नदीतलं पाणी यांचं कधी जमलंच नाही. मेक्सिको शेवटी, आणि बहुतेक वर्षी नदी समुद्राला पोचतच नाही. अप्पा म्हणाले, "टेलचा माणूस सगळीकडं मरतो." ज्यांच्या घरी शेती आहे आणि चारीच्या शेवटाला आहे त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको, आवर्तन सुटलं म्हणून पेपरात येतं आणि टेलला पाणी पोचेपर्यंत ऊस वाळतो.

अँटलोप कॅन्यनबद्दल. नवाहो गाइडशिवाय आत जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. याचे अप्पर आणि लोअर असे दोन भाग आहेत, आम्ही अप्पर केला कारण लोअरला लोखंडी जिने उभे आहेत आणि आईंचे गुडघे. आत वाळूचा दगड पाण्याने असा घासलाय की भिंतीला कुठे कोपराच सापडत नाही, वर फटीतून ऊन येतं आणि भिंत खाली जांभळी, मधे केशरी, वर जवळजवळ पिवळी दिसते. गाइड सगळ्यांचे फोन घेऊन सेटिंग बदलून देतो. गर्दी मात्र विचारू नका, ढकलत ढकलत, पुढची टूर मागे येऊन उभी. अप्पांनी भिंतीवर हात फिरवून विचारलं पाणी कुठवर चढतं. गाइडने डोक्याच्या कितीतरी वर फटीत अडकलेला लाकडाचा ओंडका दाखवला. मग १९९७ चं सांगितलं, १२ ऑगस्ट, लोअरमध्ये ११ जण वाहून गेले. त्यांच्या डोक्यावर धड पाऊसही नव्हता, काही मैल लांब वरच्या अंगाला ढग फुटला आणि ते सगळं पाणी या फटीत आलं. ते पक्के जिने नंतर बसवले. मी पोरीचा हात घट्ट धरला आणि वर बघितलं, आकाश निळं होतं, पण त्या दिवशीही तसंच असणार ना.

ब्राइसला अप्पा खूश होणार नाहीत असं वाटलं होतं कारण तिथे नदीच नाही. ती कॅन्यनही नाही म्हणे, पठाराची कडा झिजून झालेला भला मोठा कोनाडा, आणि त्यात हजारो केशरी सुळके उभे, त्यांना हूडू म्हणतात. इथे काम करतो तो बर्फ. आठ-नऊ हजार फूट उंची, त्यामुळे वर्षात दीडशेहून जास्त रात्री अशा की पाणी फटीत गोठतं, फुगतं, दगड फोडतं, दिवसा वितळतं, परत रात्री तेच. पाययुट लोकांची कथा अशी की हे सुळके म्हणजे वाईट वागणारी माणसं, कोल्ह्याने म्हणजे कायोटी देवाने त्यांना दगड केलं. आईंना ही कथा भूगोलापेक्षा जास्त पटली. एका सुळक्याकडे बोट दाखवून त्यांनी एका नातेवाइकाचं नाव घेतलं, ते मी इथे लिहू शकत नाही.

आणि मग निघताना, मेन गेटपासून बाहेर हायवे १२ वर, मॉसी केव्ह म्हणून एक छोटा ट्रेल आहे, आम्ही फक्त पोरीला पाण्यात खेळायला मिळेल म्हणून थांबलो. ओढा आहे, छोटा धबधबा आहे. बोर्ड वाचला तर हा ओढा ओढा नाहीच. हा कालवा आहे. १८९० ते १८९२, दोन वर्षं मॉर्मन शेतकऱ्यांनी कुदळ-फावड्याने खणला, पठारावरच्या सेव्हिअर नदीच्या फाट्याचं पाणी कडा ओलांडून खाली ट्रॉपिक नावाच्या गावात आणायला, आणि २००२ च्या दुष्काळाचं वर्ष सोडलं तर तेव्हापासून दरवर्षी तो चालू आहे. मी बोर्ड मराठीत वाचून दाखवला तेव्हा अप्पांनी बूट काढले, पॅंट वर दुमडली आणि पाण्यात उतरले, हजारो किलोमीटर लांब आला तरी हा माणूस शेवटी चारीवरच आला. नातीला घेऊन पाण्यात दगड लावून आडवा बांध घातला, बाजूने पाणी वळवून दाखवलं, मग रेंजर दिसला तसा स्वतःच घाईघाईने मोडला. "ग्रँड कॅन्यनपेक्षा हे भारी," म्हणाले, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. दोन वर्षं, कुदळीने, लेव्हल कशी काढली असेल हा प्रश्न पुढे झायनपर्यंत पुरला.

झायनला पूर्वेकडून जा, माउंट कार्मेलकडून, हे मात्र सांगून ठेवते. डोंगराच्या पोटातून १.१ मैलाचा बोगदा आहे १९३० चा, भिंतीत मधे मधे खिडक्या खोदल्यात, अंधारात जाता जाता एकदम लाल कड्यांची चौकट येते आणि जाते. खाली दरीत उन्हाळ्यात स्वतःची गाडी चालत नाही, शटल बस घ्यावी लागते, आणि ते फार बरं आहे, आईंना खिडकी मिळाली आणि निवेदन चालू असतं. शंभरच्या वर तापमान होतं. शेवटच्या स्टॉपला नदीकाठाने सपाट रस्ता आहे, रिव्हरसाइड वॉक, तिथे कड्यातून पाणी झिरपतं आणि उभ्या भिंतीवर नेचे आणि फुलं लटकलेली. वाळूच्या दगडातून पाणी इतकं हळू उतरतं की यातलं काही पाणी हजार वर्षांपूर्वीच्या पावसाचं आहे. पुढे नॅरोज म्हणून नदीची अरुंद घळ आहे, तिथे लोक काठ्या घेऊन पाण्यातून चालत होते, आम्ही गेलो नाही, दुपारी ढग येत होते आणि अँटलोपची गोष्ट डोक्यातून गेली नव्हती. लेकीने ज्युनिअर रेंजरची वही भरून बिल्ला मिळवला, हात वर करून शपथ घेतली, आणि लगेच आजोबांना विचारलं तुम्ही मॉसी केव्हमध्ये बांध घातला ते सांगू का रेंजरला.

वेगसबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आईंनी दोन डॉलर हरले.

येताना हूवर धरण. ७२६ फूट, १९३० च्या दशकातलं, मंदीत बांधलेलं. पाणी आत घेणाऱ्या मनोऱ्यांवर दोन घड्याळं आहेत, एक नेव्हाडाचं एक ॲरिझोनाचं, आणि उन्हाळ्यात दोन्हींत वेळ एकच दिसते. अप्पांनी एचएमटी लावून बघितलं, तिन्ही जुळली. इथेही तोच पांढरा पट्टा. अप्पा आता त्यावर काही बोलले नाहीत, फक्त विचारलं की आपल्या नळाचा कालवा इथून सुटतो का. नाही, तो आणखी खाली लेक हवासूहून, तिथला पहिलाच पंप पाणी ८०० फुटांहून जास्त उचलतो. हे नवऱ्याने सांगायला नको होतं. घरी येऊन कपडे मशीनला लागायच्या आधी अप्पांनी मॅपवर हवासू काढलं होतं. मी म्हटलं अप्पा तिथे आत्ता ११५ असेल, नोव्हेंबरात जाऊ. ते म्हणाले आमचं तिकीट ऑक्टोबरचं आहे. मग थोडा वेळ थांबून, आईंकडे न बघता, "व्हिसा सहा महिन्यांचा असतो ना?" आई आतून ओरडल्या की दिवाळी शिरूरलाच होणार. सध्या एवढ्यावर आहे.